हंडीतला हात

निताई आमच्या घरी राहायला कसा आला, हे मला कुणी धड सांगितलेच नाही. माय म्हणायची, ठेकेदाराच्या माणसांबरोबर मच्छीचे बी घेऊन आला, ताप भरला म्हणून दोन दिवस ओसरीवर पडला आणि मग गेलाच नाही. बा म्हणायचा, तसे काही नाही, मीच त्याला बाजारातून हाताला धरून आणला. दोघेही आपापल्या गोष्टीवर शेवटपर्यंत ठाम होते आणि आता दोघेही नाहीत, त्यामुळे मी दोन्ही खऱ्या धरते. मला आठवतो तो एक उंच, काळा, हसरा माणूस, ओसरीच्या कोपऱ्यात मांडी घालून बसलेला, गळ्यात तुळशीची माळ. माय भाताचे भांडे घेऊन त्याच्यापुढे उभी आहे, "अजून वाढू का जी?" म्हणते आहे, आणि तो ताट पुढे सारतो आहे. भात खाण्यात आमच्या धानपट्ट्यातल्या माणसांना हरवणारा परका माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

आमचे गाव एकोडीच्या पलीकडे. सगळीकडे धानाच्या बांध्या आणि मधे मोठा जुना तलाव. आम्ही ढिवर, मच्छी मारणारी जात, म्हणजे शेत असले तर असले, नसले तर तलाव आहेच. मरळ, वाघूर, शिंगूर ही मच्छी आमच्या तलावात आपली आपण व्हायची. पण बाजारात जिला मान, ती रोहू आणि कतला थांबलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. तिचे बी म्हणजे जिऱ्याएवढी जिवंत पिल्ले, ती दरवर्षी आषाढात बंगालातून आणावी लागायची. हावड्याच्या गाडीने गोंदियापर्यंत, तिथून छोट्या गाडीने सौंदडपर्यंत आणि तिथून बैलबंडीने गावात. ही सगळी वाट पिल्ले अॅल्युमिनियमच्या हंडीत जिवंत ठेवायची, हे निताईचे काम. आमच्या लोकांना मच्छी मारायची सगळी विद्या होती. तिला जगवत न्यायची विद्या आमच्यात कुणाला नव्हती.

माय आणि निताई यांचे भांडण तेलावरून. आमच्याकडे जवसाचे तेल, त्याला हवे मोहरीचे. तो मायला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचा आणि रस्सा तोंडात घातला की डोळे मिटून उसासा टाकायचा, जणू कुणी वारले आहे. माय चिडायची. "खाची असंन तं खा, नाहीतर आपल्या बंगालात जाय!" एकदा तो कुठूनतरी मोहरी घेऊन आला, पाट्यावर मिरचीबरोबर वाटली आणि स्वतः मच्छी रांधली. मायने नाकाला पदर लावला, बाने तीनदा मागून घेतली. पुढे माझ्या मायची मच्छी म्हणून नात्यात जी नावाजली गेली ती तीच. पाहुण्यांनी विचारले की माय सांगायची, आमच्यात पहिल्यापासून अशीच करतात. ती खोटे बोलत होती असे मला वाटत नाही, तिला तसेच वाटू लागले होते.

तो कुठला, हेही मी नीट सांगू शकत नाही. कधी खुलना म्हणायचा, कधी नदीचे नाव सांगायचा, कधी नुसतेच "ओपार", म्हणजे पलीकडचा. लहानपणी आईच्या कडेवरून सीमा ओलांडली, रायपूरजवळच्या छावणीत वाढला, मग सरकारने चांदा जिल्ह्यातल्या जंगलात त्यांची वसाहत केली आणि मच्छी मारणाऱ्या माणसाच्या हातात कुऱ्हाड दिली. तिथे त्याची बायको होती, पुढे एक मुलगीही झाली. तो वर्षातून दोनदा सुकवलेल्या मच्छीचे गाठोडे घेऊन त्यांच्याकडे जाई आणि पंधरा दिवसांनी परत येई. तलाठी त्याला गमतीने पाकिस्तानी म्हणायचा. गावात सगळे बंगाली म्हणायचे. हल्ली टीव्हीवर बाहेरून आलेल्या लोकांवरून आरडाओरडा सुरू झाला की मी आवाज बंद करते आणि निताईला कुठल्या रकान्यात बसवायचे याचा विचार करत बसते. जमत नाही. माझ्या लेखी तो आमच्या ओसरीवरचा होता.

हंडीचे काम सांगते, कारण आता ते कुणी करत नाही. हंडीत तलावाचे पाणी, त्यात चिमूटभर लाल माती, तोंडावर ओले फडके. फडक्याखालून हात घालायचा आणि तळव्याने पाण्याला थापटत राहायचे, म्हणजे हवा खाली जाते आणि पिल्ले दम धरतात. जोरात थापटले तर पिल्ले मरतात, हळू थापटले तरी मरतात. वाटेत पाणी बदलायचे तर आधी कोपर बुडवून पाहायचा, बाळाच्या अंघोळीला पाहतात तसा. बाचा हात जाळे ओढून ओढून जड झाला होता. निताईने त्याला दोन दिवस शिकवून हात जोडले आणि माझ्याकडे वळला. मी तेव्हा दहावीला होते, गावातली एकटीच. तो मला "मा" म्हणायचा. बंगालात मुलींना तसेच म्हणतात म्हणे, पण एवढ्या मोठ्या माणसाने आई म्हटले की मला काय करावे कळत नसे. त्याने मला महिनाभर रिकाम्या पाण्यावर बसवले. थप्, थप्, थप्. माय म्हणायची, पोरीले येड लावलं. "मा, डरो ना," तो सांगायचा. "हाथ थक गया तो रुको. एक पान चबाने तक रुको. माछ नहीं मरेगा." हे त्याने मला किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

त्या आषाढात दोन हंड्या आल्या. बाने आणि आणखी चार घरांनी मिळून पहिल्यांदाच ठेकेदाराला वगळून तलाव घेतला होता, त्यामुळे बी पोचणे म्हणजे सगळ्यांचे वर्ष पोचणे होते. सौंदडला बा बंडी घेऊन गेला आणि मला बरोबर नेले. छोटी गाडी सकाळी आली. दोन रात्रींचा जागा निताई डोळे लाल, दाढी वाढलेली, पण हसत खाली उतरला आणि पहिले वाक्य बोलला, "भात दिया है बौदी ने?" मायने भात आणि सुकसीची, सुकवलेल्या बारीक मच्छीची, चटणी दिलीच होती. त्याने डाव्या हाताने खाल्ले, कारण उजवा हंडीत होता. मला फार हसू आले होते. बंडीत मागे तणसावर आम्ही दोघे समोरासमोर बसलो, प्रत्येकाच्या मांडीशी एक हंडी आणि प्रत्येकाचा उजवा हात फडक्याखाली. बैलांसाठी गवत कापायला बाने विळा घेतला होता, तो तणसातच कुठेतरी होता.

त्या दिवसांत जंगलात नक्षलाइट आल्याची बातमी होती. आम्हाला ती ऐकून माहीत होती, कुठेतरी वाघ आला अशी बातमी असते तेवढीच. जिथे आमची कच्ची वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथे बांबू आडवा टाकून तीन पोलीस उभे होते. जमादार आमच्याकडचाच, बोलण्यावरून कळत होते. बाकी दोघे बाहेरून बंदोबस्ताला आलेले, त्यांतला बंदूकवाला अगदी कोवळा होता. जमादाराने बाला उतरवून बैलांपुढे उभे केले, तोंड तिकडे करून. मग मागे आले. निताईच्या बोलण्यावरून, चेहऱ्यावरून त्यांनी विचारले, कुठला. त्याने सांगितले काहीतरी, खुलना की छावणी, आता आठवत नाही. बंदूकवाला मागे सरकला आणि ओरडला, "हात बाहेर काढा!"

मी काढला. लगेच काढला आणि दोन्ही हात वर केले, कोपरापासून पाणी काखेपर्यंत ओघळले ते अजून अंगावर जाणवते. निताईने काढला नाही. तो हसला. "बाबू, माछ है. बच्चा माछ," म्हणाला. फडक्याखाली त्याचा हात थापटतच होता, मला आवाज येत होता. "काढ हात!" "एक मिनट बाबू." जमादार म्हणाला, "अरे काढ ना बाप्पा, काहून मरून राहिला?" मी पण म्हणाले, काका, काढा. म्हणाले की नुसते मनात आले, कोण जाणे. मग आवाज झाला आणि मला वाटले बंडीचा कणा मोडला. बैल उधळले, मी तणसात आडवी झाले, उठून पाहते तर निताई रस्त्यावर होता आणि त्याची हंडी त्याच्याशेजारी उलटी होती. ओल्या डांबरावर जिऱ्यासारखे काहीतरी चमकत होते.

त्याने हात का काढला नाही? पन्नास वर्षे होत आली, मला उत्तर मिळालेले नाही. एक पान चघळेपर्यंत हात थांबला तर काही होत नाही, हे मला शिकवणारा तोच. झोपेने त्याला भान नव्हते का? त्याला वाटले का की समोरची माणसे माणसेच आहेत, त्यांना पाण्याचा आवाज कळेल? की आयुष्यभर सगळे सोडत आलेल्या माणसाला एवढे एक सोडायचे नव्हते? हे शेवटचे मला माझ्या मुलाने सुचवले, त्याला असले सुचते. मला पटत नाही. निताई असा विचार करणारा नव्हता, तो भाताचा विचार करायचा. आणि डावा हात? डावा हात त्याने वर केला होता, की तणसावर टेकला होता, जिथे तो विळा होता? मी समोर बसले होते. मी पाहिले असणार. पण माझे डोळे त्या फडक्यावर होते.

त्यानंतर मी काय केले ते सांगायला संकोच वाटतो. मी माझ्या हंडीत हात घातला आणि थापटायला लागले. कुणी सांगितले नाही. बा निताईचे डोके मांडीवर घेऊन "निताई, ए निताई, अरे ऊठ ना बाप्पा" करत होता, तो कोवळा पोलीस रस्त्याच्या कडेला बसून ओकत होता आणि मी बंडीत बसून थप्, थप् करत होते, रडत होते आणि थापा मोजत होते. दुपारनंतर त्यांनी आम्हाला सोडले, निताईला सोडले नाही. माझ्या हंडीतले बी तलावात गेले आणि जगले. दिवाळीनंतर त्या रोहू-कतला निघाल्या, इतक्या की एकोडीच्या बाजारात आमच्या पाट्यांभोवती गर्दी झाली. लोक विचारतात, तुम्हाला ती मच्छी कशी खाववली? खाल्ली. मायने मोहरी वाटून केली आणि आम्ही सगळ्यांनी पोटभर खाल्ली. त्यात चूक होती का, हेही मला कळत नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी जमादार घरी आला. एकटाच होता. मायने पाणी दिले, ते त्याने उभ्याउभ्या प्यायले. खिशातून घडी केलेला कागद काढला आणि बाला म्हणाला, पंचनामा आहे, अंगठा लागतो. बा म्हणाला, "माही पोरगी वाचते. तिले वाचू द्या, मंग अंगठा." जमादाराने कागद माझ्या हातात दिला आणि माय आत वळली तेव्हा हळूच म्हणाला, "पोरी, समजून वाच. हे असं नाई झालं तं तुह्या बापावर नक्षलाइटले आसरा देल्याची केस होते. तलाव तं जाइनच, तोही जाइन. माह्या हातात काई नाई." तो मला धमकावत होता की वाचवत होता, हे मी तेव्हाही ठरवू शकले नाही. त्याचे डोळे भरले होते एवढे खरे.

कागदात लिहिले होते की एका अनोळखी बंगाली इसमाने बंडीतील विळा उचलून पोलिसांच्या अंगावर धावण्याचा प्रयत्न केला. निताईचे नाव कुठेही नव्हते. मच्छीच्या बियाचा उल्लेख नव्हता. बा चुलीपाशी उकिडवा बसला होता, माझ्याकडे पाहत. मी वाचायला सुरुवात केली. वर्गात धडा वाचतात तशी खणखणीत वाचत होते. 'अनोळखी बंगाली इसम' आले तिथे मी 'निताई मंडल' वाचले. विळ्याची ओळ गाळली. पुढचे ठाण्याचे, पंचांचे सगळे नीट वाचले. संपल्यावर बा म्हणाला, "मच्छीचं बी आनून राहिला होता, असं लिवलं हाय ना?"

"हो बा, लिवलं हाय."

"मंग ठीक हाय. नाव असलं म्हंजे त्याच्या घरच्यायले कळंन." बाने अंगठा दिला. साक्षीदार म्हणून जमादाराने माझीही सही घेतली. शेवंता सोमा मारबते, दहावीतल्या पोरीची वळणदार सही. त्याच्या बायकोला कळवायला बा वसाहतीत गेला तेव्हा ती मुलीला घेऊन आधीच कुठेतरी नातलगांकडे निघून गेलेली होती. तलाव आमच्याकडे राहिला. बा आणखी वीस वर्षे जगला आणि दर आषाढात कुणी विचारले की सांगायचा, त्याचं नाव सरकारी कागदात हाय, माह्या पोरीनं वाचलं. मी तिथे असले की उठून आत जायचे.

पुढे मी शिक्षिका झाले, लग्न होऊन दिघोरे बाई झाले, साकोलीत घर बांधले. बी आता प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून येते, हंडी कुणाला ठाऊक नाही. पण आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतले ढिवर अजून पाण्यात कोपर बुडवून पाहतात, पिशवी सोडायच्या आधी. विचारले तर म्हणतात, जुनी रीत आहे.

मागच्या हिवाळ्यात एक बाई दारात आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, काळी, उंच, हातात प्लास्टिकची पिशवी. गावात कुणीतरी सांगितले होते की जुने अक्षर वाचायचे तर दिघोरे बाईंकडे जा. नाव मालती. वडील लहानपणीच गेले, म्हणाली, तुमच्या गावाकडे. त्यांच्या वस्तीत आता कागद मागताहेत, बाप कोण, कुठून आला, कधी आला. छावणीचे कार्ड बापाच्या खिशात होते, ते त्याच्याबरोबर गेले. वकिलाने साल आणि गावावरून माहितीच्या अधिकारात बरेच खेटे घालून एक कागद मिळवला होता. तिचे शिक्षण बंगाली शाळेत झालेले, मराठी छापील वाचता येई, हे हाताने लिहिलेले येत नव्हते.

"दीदी, इसमें मेरे बाबा के बारे में क्या लिखा है?"

मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग सगळे वाचले, अनोळखी इसमासकट, विळ्यासकट. आवाज माझा मलाच परका वाटत होता. संपल्यावर ती म्हणाली, "नाम नहीं है?"

"नाही."

"वकील साहब भी यही बोले थे, मुझे यकीन नहीं हुआ. बोले, नीचे जिस लड़की का साइन है, उसको ढूँढो. शेवंता करके. वो जिंदा है क्या, दीदी?"

खोटे बोलायला मला त्या क्षणीही जागा होती. माझे नाव बदललेले, केस पांढरे. "आहे," मी म्हणाले. "मीच ती."

तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यात मी निताईला शोधत होते आणि मला तो सापडत नव्हता, तोंडवळाच आठवेना. ती म्हणाली, "आप बाबा को पहचानती नहीं थीं?"

त्यावर मी रडले. म्हातारपणी माणूस रडतो ते काही शोभत नाही, पण रडले. मग जे घडले ते सांगितले, मला जेवढे माहीत आहे तेवढे. ती चहा न पिता गेली. मला वाटले, आता परत यायची नाही. आठ दिवसांनी तिच्या वकिलाचा फोन आला, प्रतिज्ञापत्र द्याल का म्हणून. तो पुढे असेही म्हणाला की बाई, याचा उपयोग किती होईल सांगता येत नाही, पहिली सही खोटी होती म्हणणाऱ्या साक्षीदाराची दुसरी सही खरी कशावरून, असे विचारतील. आणि एक करा, त्याचा डावा हात वर होता असे स्पष्ट लिहा, म्हणजे विळ्याचा प्रश्न मिटेल. मी दोन रात्री विचार केला. एवढे तरी मी त्याच्यासाठी करायला हवे होते, नाही का? मला अजून कळत नाही. मी लिहिले की हा माणूस निताई मंडल होता, सहा वर्षे आमच्या घरी राहिला, मच्छीचे बी आणत होता, त्याची बायको-मुलगी चांदा जिल्ह्यातल्या वसाहतीत होती. उजवा हात हंडीत होता, तो मी पाहिला. डावा हात मी पाहिला नाही.

सही करायला तहसीलमध्ये गेले तेव्हा मालती आली होती, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. कारकून म्हणाला, वाचायची गरज नाही, इथे सही करा. मी म्हणाले, मोठ्याने वाचते. डाव्या हाताच्या ओळीपाशी आले आणि माझी जीभ अडखळली. कारकुनाने वर पाहिले.

"रुकिए मत, दीदी," मालती म्हणाली. "पढ़िए."